मूल कोणाचे?

आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली, की सर्वांनी ओसरीवर अर्धा-पाऊण तास एकत्र बसावयाचे, असा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. पूर्वी तेथे पोथी चाले; हल्ली दूरदर्शन-संच चालतो. काही दिवसांपूर्वी त्यावर ‘मिसेस चॅटर्जी वर्सेस नॉर्वे’ हा सन २०२३ मधील हिंदी बोलपट लागला होता. नॉर्वे देशात नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका बंगाली दांपत्याची दोन मुले तेथील बालसंरक्षण खात्याने सन २०११ च्या मे महिन्यात उचलून नेली, त्या खऱ्या प्रकरणावर तो बेतलेला आहे. थोरला मुलगा जेमतेम तीन वर्षांचा, आणि धाकटी मुलगी अंगावर पिणारी. आई मुलास हाताने भरवते, मूल आईबापांच्या बिछान्यात निजते, अशा गोष्टी त्या वेळी आक्षेपांच्या यादीत सांगितल्या गेल्या.

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरात सर्व अक्का म्हणतात, त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अरे, हाताने भरवले म्हणून लेकरू नेतात? मग ह्या घरातली तीन पिढ्यांची पोरे सरकारने केव्हाच न्यावयास हवी होती!” सर्व हसले. परंतु आमची सूनबाई, जी स्वतः शाळेत शिकविते, ती हसली नाही. ती म्हणाली, “मामंजी, अक्कांचे म्हणणे खरे. पण एखादा बाप खरोखरच मूल जिवे जाईपर्यंत मारणारा असला, तर सरकारने दारात उभे राहून नुसते पाहावे का?”

त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. त्याचे कारण त्या बोलपटात नव्हते. ते माझ्याच आयुष्यातील एका प्रसंगात होते, व तो मी पुढे सांगणारच आहे. तत्पूर्वी ह्या प्रश्नाचा थोडा मागोवा घेतला पाहिजे. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही. कायद्याच्या परीक्षा मी दिलेल्या नाहीत. तथापि संस्कृताच्या आधाराने व वाचनाच्या बळावर जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही रामटेकचे लोक कालिदासाला आपल्या गावचाच मानतो. ‘मेघदूता’तील रामगिरी तो हाच, अशी आमची श्रद्धा, टेकडीवर त्याचे स्मारक आहे, आणि १९९७ पासून त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही येथे आहे. ह्याच कवीने ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात दिलीप राजाची थोरवी गाताना एक विलक्षण विधान केले आहे. राजा प्रजेला शिक्षण देई, तिचे रक्षण करी, पोषण करी. म्हणून प्रजेचा खरा पिता तोच, आणि जन्मदाते हे केवळ जन्मापुरतेच पिते, असा त्याचा आशय. चाळीस वर्षे मी तो श्लोक मुलांना शिकविला, अन्वय लावून दिला, अलंकार सांगितला. हा अलंकार एखाद्या दिवशी जीपगाडीत बसून मुलाच्या दारात येऊ शकेल, हा विचार मात्र मनाला कधी शिवला नव्हता.

कवीचे बोलणे स्तुतीचे असते. शास्त्रकारांची भाषा अधिक तोलून येते. मनूने राजाला पोरक्या बालकाच्या धनाचे रक्षण करावयास सांगितले आहे. ते मूल गुरुगृहाहून परते तोवर किंवा वयात येईतोवर राजाने त्याची मत्ता सांभाळावी. कौटिल्य आणखी पुढे जातो. अनाथ बालकांना राजाने पोसावे, असे तो म्हणतोच. शिवाय ऐपत असून जो आपल्या मुलाबाळांना, बायकोला, आईबापांना पोशीत नाही, त्याला बारा पण दंड करावा, असेही सांगतो. येथे माझ्या मते एक मर्म आहे. कर्तव्य चुकविणाऱ्या बापाकडून कौटिल्य दंड घेतो; त्याचे मूल घेत नाही.

परंतु आमच्या परंपरेत बापाचा अधिकार अमर्याद होता, असेही कोणी समजू नये. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा वाचकांस ठाऊक असेल. अजीगर्ताला तीन मुलगे. थोरला बापाला हवा, धाकटा आईला हवा. उरला मधला, तो शंभर गाईंना विकला. यूपाला बांधावयास कोणी पुढे येईना, तेव्हा बापाने आणखी शंभर घेऊन तेही केले; आणि वध करावयास आणखी शंभर घेऊन हाती शस्त्रही घेतले. मुलगा देवतांच्या कृपेने सुटला, तेव्हा तोच बाप पुढे होऊन त्याला परत मागू लागला. शुनःशेपाने साफ नाकारले, आणि तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. तेथे बापाचा अधिकार कोणी राजाने काढून घेतला नाही. ज्याच्यावर तो अधिकार चालत होता, त्या मुलालाच विचारले गेले, आणि त्याचे उत्तर मान्य झाले. सूनबाईच्या प्रश्नाला आमच्याकडे इतके जुने उत्तर आहे.

आता इतिहासाकडे वळू.

गोमंतकात १५५९ च्या मार्च महिन्यात पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक हुकूम निघाला. गोव्याच्या शहरात व बेटांवर राहणाऱ्या हिंदूंची जी मुले आई, बाप, आजा, आजी असे कोणीही नसलेली असतील, ती ताब्यात घेऊन जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयाच्या हवाली करावी, तेथे त्यांस बाप्तिस्मा देऊन शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय होता. शब्द पाहिले तर हुकूम निराधारांपुरताच दिसतो. परंतु पुढे ‘अनाथ’ ह्या शब्दाचा अर्थ रुंदावत गेला; बाप वारला की मूल अनाथ, मग आई घरात बसलेली असो, आजी चुलीपाशी असो. गोव्यातील ह्या काळाचा अभ्यास अ. का. प्रियोळकरांनी फार कष्टाने केला आहे. नवरा गेल्याचे दुःख करावे, की पोर लपवावे, अशा कात्रीत सापडलेल्या विधवांनी लेकरांना नदीपार आदिलशाही मुलुखात पोहोचते केले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, तो ह्याच सुमारास. देवांच्या स्थलांतराच्या कथा आपण आवडीने सांगतो. मुलांच्या स्थलांतराच्या कोणी सांगत नाही.

ह्यातील दैवाचा खेळ असा, की ज्या राजाच्या नावाने हा हुकूम निघाला तो सेबाश्तियांव त्या वेळी स्वतः पाच वर्षांचा बालक होता. त्याचा बाप त्याच्या जन्मापूर्वीच वारला होता, आई त्याला टाकून माहेरी स्पेनात निघून गेली होती, आणि आजी कातारिना त्याच्या वतीने राज्य चालवीत होती. गोव्याच्या त्या नव्या व्याख्येप्रमाणे पाहिले, तर पोर्तुगालचा राजाच प्रथम ताब्यात घ्यावयास हवा होता!

हे परक्यांनी, परधर्मीयांनी केले, म्हणून आपल्याला त्याचा राग चटकन येतो. परंतु ज्या दुसऱ्या प्रकरणाकडे मी आता येत आहे, ते घडत असता आपले आजे-पणजे शेजारीच राहत होते, आणि त्यांना त्याचा राग आला नाही. ते प्रकरण म्हणजे सन १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी झालेला हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. एखादी संपूर्ण जात सरकारने गुन्हेगार म्हणून जाहीर करावी, आणि तीत जन्मलेल्या प्रत्येक मनुष्याने पोलिसांकडे नाव नोंदवून हजेरी द्यावी, असा त्याचा सांगाडा. चोरी केली किंवा नाही हा प्रश्नच नव्हता. जन्म हाच पुरावा. लवकरच अधिकाऱ्यांच्या असे ध्यानी आले, की म्हातारे सुधारावयाचे नाहीत, तेव्हा मुलेच आईबापांपासून तोडली पाहिजेत. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार मिळाला. १९११ मध्ये कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होण्याजोगा झाला, आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून मांडला गेला.

त्यातील सतरावे कलम मी दोन-तीनदा वाचले. भाषा अगदी थंड आहे. सरकारने उद्योगशाळा, शेतकी शाळा किंवा सुधारशाळा काढाव्या, आणि सेटलमेंटात ठेवलेल्या जमातींची सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुले आईबापांपासून वेगळी करून तेथे ठेवावी. मुलाचे वय किती, ह्याविषयी जिल्हा मॅजिस्ट्रेटचा निर्णय अखेरचा. त्या शाळेचा सुपरिंटेंडेंट हाच १८५० च्या उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे मुलाचा पालक समजला जाईल, आणि तो त्यास कोठेही कामावर बांधून देऊ शकेल. ‘आई’ हा शब्द त्यात स्वतंत्रपणे एकदाही येत नाही. मुलाने काय केले, किंवा बापाने मुलाला काय केले, ह्याची चौकशी करावी असेही कोठे म्हटलेले नाही. दिलीपाचा तो श्लोक येथे कायदा होऊन बसला आहे: जन्मदाते जन्मापुरते.

मुंबई इलाख्यात ह्या कायद्याचे मोठे ठाणे सोलापूर. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील कापडगिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला जागा हवी होती. दोहोंची गाठ पडून तारेच्या कुंपणाआडची वसाहत वाढली. कैकाडी, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट, भामटे अशा जातींची बिऱ्हाडे तेथे आणली गेली. काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडेही तिची व्यवस्था होती. दिवसातून ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जावयाचे तर पास, आणि मुलांस शाळा. ह्या खात्याचे प्रमुख स्टार्ट नावाचे सिव्हिलियन गृहस्थ विजापूर-सोलापूरकडे बरीच वर्षे होते. ते दुष्ट नव्हते. १९२८ मध्ये दलित व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यास जी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते व डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते. शाळांतून मुले शिकली, हात कामाला लागले, हेही खरे. मला नेमके हेच अवघड वाटते. मुले तोडणारा मनुष्य राक्षस असता, तर न्याय करावयास सोपे गेले असते. तो बहुधा सज्जन असतो, वहीत नीट नोंदी ठेवतो, आणि आपण कल्याणच करीत आहोत असे मनापासून मानतो.

स्वराज्यानंतर १९४९ मध्ये मुंबई राज्याने हा कायदा रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. ह्या लोकांस ‘विमुक्त’ म्हणू लागले. त्यांच्या पोटी जन्मलेल्या लेखकांनी पुढे आपली कहाणी स्वतः लिहिली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’स १९८१ चे आणि लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’स १९८८ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ज्या सुशिक्षित घरांत ही पुस्तके नाहीत, त्यांनी ती आणावी.

असाच प्रकार जगात इतरत्र झाला. ऑस्ट्रेलियात मूळच्या रहिवाशांची मुले पिढ्यान्‌पिढ्या उचलून गोऱ्यांच्या संस्थांत ठेवली गेली. त्याबद्दल तेथील पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी पार्लमेंटात क्षमा मागितली. चारच महिन्यांनी कॅनडाच्या पंतप्रधानांनीही तेच केले. तेथे सुमारे दीड लाख मुले निवासी शाळांतून गेली होती. आपल्याकडे सतराव्या कलमाबद्दल कोणी क्षमा मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

ह्यावरून सरकारने मुलांच्या वाटेस जाऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही चुकेल. मुंबईत डोंगरीस उमरखाडीचा जुना तुरुंग आहे. १८८२ मध्ये टिळक व आगरकर ह्यांना तेथे ठेवले होते, आणि आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले, हे सर्वांना माहीत असते. ते कशासाठी आत गेले, हे मात्र विसरले जाते. आठव्या वर्षी दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसलेले चौथे शिवाजी महाराज सरकारी देखरेखीखाली वाढत होते. त्यांचा छळ होतो, त्यांना वेडे ठरविण्यात येत आहे, असा बोभाटा झाला, आणि दिवाण बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे छापल्यावरून हा खटला झाला. पत्रे बनावट निघाली, संपादक तुरुंगात गेले. परंतु महाराजांचाही पुढल्याच वर्षी अहमदनगरास एका गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत अंत झाला. राजाच्या मुलाची ही गत! त्याच तुरुंगाच्या जागेत पुढे मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीचे मुलांचे गृह आले. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९२८ मध्ये आमच्या मध्यप्रांतात बालकांचे कायदे झाले, ते रस्त्यावर भीक मागणाऱ्या, मारहाण सोसणाऱ्या, कुंटणखान्यात सापडलेल्या मुलांसाठी. त्या कायद्यांनी असंख्य लेकरे वाचली असतील. उमरखाडीच्या भिंतीआड निजलेल्या एखाद्या पोराला ती पहिली निर्भय रात्र वाटली असेल. दुसऱ्याला तो तुरुंगच वाटला असेल. दोघेही खरेच बोलत असतील.

आज ह्या विषयात २०१५ चा बाल न्याय अधिनियम चालतो. जिल्ह्यात बालकल्याण समिती असते; अध्यक्ष आणि चार सभासद, त्यांत निदान एक स्त्री. ताब्यात घेतलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत समितीपुढे आणले पाहिजे, आणि चौकशी चार महिन्यांत पुरी झाली पाहिजे. मुलाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे तत्त्व कायद्याच्या आरंभीच सांगितले आहे. समितीच्या निर्णयाने ज्याचे नुकसान झाले, त्याला तीस दिवसांत बालन्यायालयाकडे अपील करता येते. हे तीस दिवस वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्यांच्यावर प्रसंग येतो, त्यांना ते बहुधा एकतिसाव्या दिवशी कळतात. आपल्या देशाने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही, आईबापांपासून मूल तोडावयाचे तर त्यावर न्यायालयाची नजर असली पाहिजे, असे कलम आहे. १८७१ च्या आणि आजच्या कायद्यात कोणता फरक, असे कोणी विचारील तर मी हेच सांगेन: तेव्हा जात पाहत, आता त्या एका मुलाची हकीकत पाहावी लागते; आणि आता दाद मागावयास दार आहे. ते दार किती जणांना सापडते, हा प्रश्न निराळा.

नॉर्वेच्या प्रकरणाचा शेवटही सांगून टाकतो, कारण अक्कांनी तो दोनदा विचारला. आपल्या सरकारने रदबदली केल्यावर २०१२ च्या एप्रिलात मुले काकाच्या स्वाधीन होऊन भारतात आली, आणि २०१३ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने ती आईला दिली. तेथील अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की हाताने भरविणे हे कारण नव्हतेच. परंतु गोपनीयतेच्या नियमामुळे खरी कारणे बोलता येत नाहीत. म्हणजे आपण एकच बाजू ऐकली, हे कबूल केले पाहिजे. तथापि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १० सप्टेंबर २०१९ रोजी दुसऱ्या एका नॉर्वेजियन आईच्या दाव्यात त्याच देशाला दोषी धरले. कुटुंब पुन्हा जुळविण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला नाही, असा त्याचा रोख होता. तेव्हा आमच्या अक्काच अडाणी होत्या असे नव्हे. बर्लिनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरात एका गुजराती कुटुंबाची सात महिन्यांची मुलगी अशीच नेली गेली. आईबापांवरील फौजदारी चौकशी पुढे बंद झाली, तरी २०२३ च्या जूनमध्ये तेथील न्यायालयाने मुलगी त्यांना दिली नाही. दोन वर्षांचे मूल कोणत्या भाषेत रडते, हा प्रश्न मला ती बातमी वाचताना पडला. परक्या घरात वाढलेले लेकरू खऱ्या आईला ओळखत नाही, एवढ्या मुदतीत. आणि मग ‘मुलाला आता तेथेच सवय झाली आहे’ हेच कारण पुढे होते.

आता माझा स्वतःचा प्रसंग.

सन २००४ च्या मार्गशीर्षातील गोष्ट. मी तेव्हा पाचवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात दहा वर्षांचा एक मुलगा होता. गावाबाहेर दगड फोडणाऱ्यांची दहा-बारा पाले होती, तेथून तो येई. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात ते पावसाच्या तोंडाशी परत येत. तोवर मूल आजीपाशी. पोर हुशार होते. सुभाषिते त्याला एकदा ऐकून पाठ होत. एके दिवशी कवाईत करताना त्याचा सदरा वर गेला, आणि पोटावर डागल्याचे चार व्रण दिसले, दोन अजून ओले. “हे काय रे?” म्हणून विचारले, तर तो खाली पाहू लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या कागदावर सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: सदर विद्यार्थ्याचा घरी अमानुष छळ होत असून आईवडील त्यास टाकून गेले आहेत, तरी योग्य ती कारवाई व्हावी. पाले शाळेपासून अर्ध्या कोसावर होती. मी तेथे गेलो नाही.

आठवडाभरात जीप आली. वर्गातून त्याचा हात धरून मीच त्याला बाहेर नेले, दप्तरासह. तो गाडीत चढताना मला म्हणाला, “गुरुजी, उद्या येऊ ना मी?” मी हो म्हटले.

संध्याकाळी त्याची आजी शाळेच्या फाटकाशी आली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी मी बाहेर गेलो. तिने आरडाओरडा केला नाही. “गुरुजी, तुमीच लिवून देल्लं ना?” एवढेच विचारले. मी व्रणांचे बोललो, रागाने बोललो. तेव्हा तिने लुगड्याचा पदर जरा बाजूला करून आपल्या पोटावरचे पांढरे पडलेले डाग मला दाखविले. “माह्या पोटावर बी हायेत. पोट दुखे मनून माह्या मायनं डागलं होतं मले. ते का मले माराले डागलं होतं तिनं?”

पोटदुखीवर तापल्या लोखंडाचा चटका हा उपाय आमच्या विदर्भात अजून पुरता मेलेला नाही. मेळघाटात तर तान्ह्या लेकरांना डागल्याच्या बातम्या वरचेवर येतात. तो उपाय नव्हे, यातना आहे, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती व आजही नाही. परंतु यातना देणारी ती म्हातारी वैरीण नव्हती, हे मला त्या फाटकापाशी कळले. पोराला सरकारी दवाखान्यात न्यावयाचे होते, म्हातारीला खडसवावयाचे होते, पुन्हा असे केलेस तर याद राख म्हणावयाचे होते, आणि दर आठवड्यास जाऊन पाहावयाचे होते. अर्ज लिहिण्यापेक्षा हे काम जड होते. अर्जाला वीस मिनिटे लागली.

मुलगा नागपुरास एका संस्थेत ठेवला होता. तो परत मिळावा म्हणून आजीबरोबर मी तीन खेपा केल्या, रामटेकच्या पॅसेंजरने. ती आजी आहे ह्याला पुरावा काय, असे पहिल्या खेपेस विचारले गेले. शिधापत्रिकेत मुलाचे नाव नव्हते; जन्माची नोंद कोणत्या तरी भट्टीच्या गावी असेल-नसेल. दुसऱ्या खेपेस साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेस सांगण्यात आले, की खुद्द शाळेचाच अर्ज आहे की पालकांनी मूल टाकले. आता शाळाच उलट कसे म्हणते? त्या टेबलावर माझेच अक्षर माझ्यासमोर होते. कोणाही कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे जो कागद होता तो खराच मानणे त्याचे काम होते. आईबाप ज्येष्ठात भट्टीवरून परतले, पंचनामे झाले, सरपंचाचा दाखला जोडला, आणि आषाढात मुलगा घरी आला. एकूण सात महिने. तेथे त्याला पोटभर जेवण मिळे, डॉक्टर येई, कोणी मारीत नसे, हे त्याने स्वतः सांगितले. पोटाचे व्रण बरे झाले होते.

हे सर्व मी त्या रात्री ओसरीवर सूनबाईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मामंजी, तुम्ही लिहिले नसते, आणि पुढल्या चटक्यात तो पोरगा गेला असता, तर?” मी म्हटले, “तर मी आज तुला दुसरी गोष्ट सांगत असतो.” ह्याहून निराळे उत्तर मजपाशी नाही. तिच्या शाळेत अशी खूण दिसली तर तिने लिहू नये, असे मी तिला सांगितले नाही. आधी त्या घरी जा, चुलीपाशी बस, मग लिही, एवढे सांगितले.

तो मुलगा आषाढात शाळेत आला तो जेमतेम पंधरा दिवस. बाकावर अगदी कडेला, दाराजवळ बसे. सुभाषित म्हणावयास सांगितले तर उभा राही आणि आठवत नाही म्हणे. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर निघाले, तेव्हा त्यांनी त्याला मागे ठेवले नाही, म्हातारीही गेली. मूल गावी ठेवले तर शाळेतून नेतात, असे पालांवर सर्वांचे मत झाले होते, आणि तेथून येणारी आणखी दोन मुले त्याच महिन्यात यावयाची थांबली. मार्चअखेर हजेरीपुस्तक पुरे करताना तिघांच्याही नावांपुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा लिहून मी लाल शाईने रेघ ओढली.